पट्टीवरचं पान

माझ्या नोकरीत मी आजवर हजारो वाक्यं लिहिली असतील. त्यातलं एकच आमच्या मॅडमना इतकं आवडलं, की त्यांनी ते ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या वाक्याची फाइल आता कॉम्प्युटरवर समोर आली तरी मी उघडत नाही. असं का, ते लिहायला बसले आहे. मला गोष्टी गोल गोल फिरवून सांगता येत नाहीत, म्हणून आधी नोकरीचंच सांगते.

मी नागपुरात एका पेटंट एजंट बाईंकडे काम करते, त्याच आमच्या मॅडम. फार्मसी शिकले, पण मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे उभं राहायचं नव्हतं आणि कारखान्यात गोळ्यांवर नजर ठेवत बसायचं नव्हतं, म्हणून परीक्षा देऊन या कागदांच्या कामात शिरले. आमच्या गावी, सौंसरला, बाबा चारचौघांत सांगायचे, "आपली पोरगी औषधाले सरकारी शिक्का मिळवून देते." मी चिडायचे. शिक्का नाही बाबा, हक्क. कोणी काही नवं शोधलं तर वीस वर्षं ते दुसऱ्या कोणी बनवू नये, असा हक्क. बाबा मान हलवून म्हणायचे, "तेच तं म्हणून राहिलो." आणि पुढच्या माणसाला पुन्हा शिक्काच सांगायचे.

त्या वर्षी आमच्याकडे एका औषध कंपनीची फाइल आली. कातडीवर चिकटवायची पट्टी. तीव्र दुखण्यावरचं औषध तिच्यात भरलेलं असतं आणि ते कातडीतून हळूहळू रक्तात उतरत राहतं. गोळी नको, सुई नको. तीन दिवस चालणारी अशी पट्टी बाजारात जुनीच आहे. तिच्या पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे ती कोणीही बनवू शकतं. आमच्या कंपनीनं सात दिवस चालणारी पट्टी बनवली होती. औषध तेच, चिकटवायची रीत तीच. बदल होता तो आतल्या एका पातळ थरात. औषध किती वेगानं सुटावं हे तो थर ठरवतो.

पेटंट कार्यालयाच्या परीक्षकानं आक्षेप घेतला आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तर मीही घेतला असता. आपल्या कायद्यात माहीत असलेल्या औषधाला नवं लुगडं नेसवून पुन्हा वीस वर्षांचा हक्क मागता येत नाही. त्यानं रोग्याचा खरोखर काही फायदा होतो, हे दाखवावं लागतं. तीनाचे सात दिवस केले, यात शोध तो काय? जुन्या पेटंटची मुदत संपली म्हणून घातलेलं हे नवं कुंपण तर नाही? आक्षेपाचा सूर असा होता. उत्तर लिहायला सहा महिने असतात. ते काम मॅडमनी माझ्याकडे दिलं.

त्याच दिवसांत माझ्या आईच्या कमरेवर जुनी, तीन दिवसांची पट्टी होती.

आईला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, दोन वर्षं बरी गेली आणि मग तो हाडांत उतरला. कंबर धरली. माझी आई आयुष्यभर संत्र्याच्या मालावर काम केलेली बाई. बगीच्यात ढिगापाशी बसून ती मोठं, मधलं, बारीक अशी फळं वेगळी करायची, आणि बोलता बोलता, न बघता करायची. हातालाच कळायचं. कापसाच्या दिवसांत कापूस वेचायची. असं वाकून वाकून जगलेलं माणूस आता खाटेवर कूस बदलताना ओरडायचं, आणि ओरडलं म्हणून लाजायचं. "आवाज गेला का व बाहेर?" असं विचारायची. मला तिच्या दुखण्याइतकाच त्या लाजण्याचा राग यायचा.

दिवाळीच्या आधी नागपूरच्या डॉक्टरांनी पट्टी लिहून दिली. हे औषध सगळ्या दुकानांत मिळत नाही, त्यासाठी वेगळा कागद लागतो, म्हणून मी औषधाच्या खिडकीवर उभी होते आणि डॉक्टरांच्या खोलीत बाबा एकटेच होते. बाहेर मोठी रांग. डॉक्टरांनी घाईत चार गोष्टी सांगितल्या, त्या बाबांनी सौंसरच्या बसमध्ये मला बोटावर मोजून सांगितल्या. पट्टी तिसऱ्या दिवशी बदलायची. नवी लावताना जागा बदलायची. जुनी घडी घालून, कोणाच्या हाताला लागणार नाही अशी टाकायची. आणि गरम पाण्याची पिशवी लावायची नाही.

"पिशवी कावून नाही?" बाबांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "वजनानं पट्टी सरकत असन."

"हो, असेल," मी म्हटलं. मी मोबाइलवर ऑफिसचा मेल वाचत होते.

पट्टीच्या पाकिटात एक पातळ कागद होता, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत दोन्ही बाजूंनी छापलेला. असली अक्षरं वाचायचाच मला पगार मिळतो. तो कागद मी घडी न उलगडता औषधांच्या डब्यात ठेवून दिला.

बाबा सौंसरच्या नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. कोणत्या वस्तीचा वॉल्व्ह किती वाजता, किती फेरे उघडायचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पट्टीचं मी त्यांना समजावून सांगायला लागले तर अर्ध्यातच म्हणाले, "म्हणजे वॉल्व्ह थोडासाच खुल्ला ठेवला हाये. पूर्ण खोलला तं टाकी एकदम रिकामी." मला इतकं कौतुक वाटलं! आमच्या फाइलमधल्या शास्त्रज्ञांनी हे सांगायला अठ्ठावीस पानं घेतली होती. बाबांनी लगेच कॅलेंडर काढलं आणि दर तिसऱ्या चौकोनात 'पट्टी' लिहून टाकलं, पार डिसेंबरच्या शेवटच्या चौकोनापर्यंत.

आईनं पट्टी लावताना नाक मुरडलं. "एवढी मोठी टिकली! आन् लावून राहिले कमरेवर. कोण पाहीन?"

"मी पाहीन," बाबा म्हणाले. मी खोलीतून बाहेर आले.

पट्टीनं आई उठली. बरी झाली असं नाही, ते आम्हाला ठाऊक होतं. पण ती उठून बसली, चुलीपाशी गेली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून बाबांवर करवादली. एक दिवस म्हणाली, मला पांढुर्ण्याला जायचं. तिथे मावशी राहते, तिची धाकटी बहीण. मी सुट्टी काढली आणि आम्ही तिघं बसनं गेलो. रस्त्याच्या कडेला बगीच्यांतून संत्रा निघत होता, ट्रक भरले जात होते, आणि आई खिडकीतून भरणाऱ्यांच्या चुका काढत होती. "पाह्य पाह्य, कसा फेकून राहिला! सडन ना तो खालचा." बाबा जिल्ह्याच्या गोष्टी करत होते. छिंदवाड्याऐवजी आता पांढुर्णाच जिल्हा झाला, कागदासाठी लांब जायला नको, पण ऑफिसातले बाबू तेच, असं काहीतरी. मावशीनं वांग्याचं भरीत, भाकरी आणि ठेचा केला होता. आईनं दीड भाकरी खाल्ली. दोघी बहिणी दुपारभर खाटेवर आडव्या पडून कोणाच्या तरी लग्नातली फजिती आठवून खिदळत होत्या. मी दारात बसून ऐकत होते. माझ्या आईला मी हसताना शेवटचं त्या दिवशी पाहिलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेच बरं झालं.

परत आल्यावर मी उत्तर लिहायला घेतलं. कंपनीनं पाठवलेल्या कागदांत एक तक्ता होता. जुनी पट्टी आणि नवी पट्टी, कातडी साधी असताना औषध किती सुटतं, ताप असताना किती, आणि कातडी बाहेरून तापवली तर किती. जुन्या पट्टीचा आकडा उष्णतेनं भराभर चढत होता. नव्या पट्टीचा जवळपास जागच्या जागी राहत होता. त्या थराची खरी करामत ती होती. सात दिवस हे त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

मॅडमनी मसुदा वाचला आणि पेन्सिल टेबलावर टाकली. "आकडे छान आहेत. पण परीक्षक विचारेल, हे हवंय कोणाला? पट्टी लावून कोण विस्तवाजवळ जाऊन बसतं? गरज दाखव. आपल्या इथल्या माणसाची गरज."

मी जागेवर परत आले, आणि मला अजिबात विचार करावा लागला नाही. आमच्याकडे काहीही दुखलं की शेक. एरंडीचं पान तव्यावर गरम करायचं, दुखऱ्या जागी ठेवायचं, वरून फडकं बांधायचं, थंड झालं की दुसरं. गुडघा असो, पोट असो, बाळंतिणीची कंबर असो. मला लहानपणी कान दुखला तरी पान बांधलं होतं. मी लिहिलं, की या देशात दुखऱ्या जागी गरम पानांचा किंवा फडक्याचा शेक देण्याची पद्धत घरोघरी आहे, पट्टी लावलेला रुग्णही तो घेतो आणि त्या उष्णतेनं जुन्या पट्टीतून औषध धोकादायक वेगानं शरीरात जाऊन गुंगी वाढू शकते, श्वास मंदावू शकतो. प्रस्तुत शोध नेमका हाच धोका टाळतो.

मॅडमनी हेच वाक्य मोठ्यानं वाचलं. "असं लिहायला घरून काहीतरी घेऊन यावं लागतं," असं म्हणाल्या. मी खूश झाले. संध्याकाळी खोलीवर जाताना समोसे घेतले. मग रोजच्यासारखा घरी फोन केला. आईला विचारलं, जेवली का. बाबांना विचारलं, पट्टी बदलली का. आणि फोन ठेवला.

लोकांना हे खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही. ज्या घरातून मी ते पान उचलून कागदावर ठेवलं, त्याच घरात त्या क्षणी माझी आई पट्टी लावून बसली होती, आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. ऑफिसात रुग्ण हा एक शब्द असतो. त्याला कंबर नसते, त्याला वांग्याचं भरीत आवडत नाही. मी त्या शब्दाची काळजी घेत होते, अगदी मन लावून. आईची काळजी बाबा घेत होते. एक फोन करायचा होता. त्यात एक वाक्य बोलायचं होतं. बोलायला अडचणही नव्हती, मला फक्त सुचलं नाही.

डिसेंबरात थंडी पडली. फोनवर बाबांचा आवाज हलका झाला होता. आई आता शांत असते, झोपते, ओरडत नाही. "आराम पडून राहिला तिले," ते म्हणायचे. जानेवारीतल्या एका शनिवारी मी घरी गेले. सकाळचे अकरा वाजले असतील, अंगणात ऊन आलं होतं आणि आई गाढ झोपली होती. मी हाक मारली तर डोळे उघडले, "आली का बाई," म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आत पुन्हा झोपली. श्वास सावकाश चालला होता. मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. मी तिच्या पायावर पांघरूण नीट केलं आणि चहा करायला आत गेले. चुलीजवळ सुपात एरंडीची पानं रचून ठेवली होती, ओल्या फडक्याखाली. बाबांचे गुडघे थंडीत दुखतात. त्यांचीच असतील, असं म्हणून मी सूप बाजूला सरकवलं आणि चहाचं भांडं ठेवलं.

मंगळवारी दुपारी आई गेली. झोपेतच. डॉक्टर म्हणाले आजार यकृतापर्यंत पोचला होता, आज ना उद्या हे होणारच होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारातल्या बायका बाबांना म्हणाल्या, तुम्ही केलं तेवढं कोणी करत नाही, शेवटी तिला त्रास होऊ दिला नाही. मावशी पांढुर्ण्याहून आली होती, ती बाबांच्या पाया पडली. बाबा रडले नाहीत. "आराम पडला होता तिले," एवढंच सगळ्यांना सांगत होते. तेवढ्यावरच ते उभे होते.

सुनावणी मे महिन्यात झाली, व्हिडिओवर. मॅडमनी मला शेजारी बसवलं होतं. मुंबईच्या कार्यालयातले अधिकारी सौम्य बोलणारे होते. त्यांनी आमचं उत्तर मुद्द्यामुद्द्यानं घेतलं, तक्त्याबद्दल विचारलं, आणि मग थांबून ते शेकाचं वाक्य पूर्ण वाचलं.

"हा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो," ते म्हणाले. "पण हे तुम्ही नुसतं म्हणताय. रुग्ण खरोखर पट्टीवर असा शेक घेतात, याला पुरावा काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य माझं होतं. आणि मला सुपातली पानं दिसली. ओलं फडकं दिसलं. बाबांच्या गुडघ्यांना दोन पानं पुरतात, सुपात वीस-पंचवीस तरी होती. गरम पाण्याची पिशवी खिळ्याला टांगलेली होती, कारण डॉक्टरांनी पिशवी लावू नका म्हटलं होतं आणि बाबा सांगितलेलं काम तंतोतंत करतात. पिशवी नको म्हटलं होतं. पानाचं कोणी काही म्हटलं नव्हतं. सगळं एकदम जागेवर बसलं. मी समोरची फाइल मॅडमकडे सरकवली. मॅडमनी सावरून घेतलं, लेखी पुरावा पंधरा दिवसांत देऊ म्हणाल्या.

स्क्रीन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या भागात असं करणारं कोणी असेल ना? एखादं प्रतिज्ञापत्र आण. साध्या घरातलं माणूस असेल तर उत्तमच."

मी हो म्हटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे ते मध्ये येणार नाही. प्रतिज्ञापत्र मी दिलं नाही. कोणी मिळालं नाही, असं सांगितलं. मॅडमनी एका मोठ्या डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि पेटंट मिळालं. मला त्याचा राग येतो आणि नाहीही येत. तो थर खरोखर चांगला आहे. उष्णतेत टिकतो. ज्या घरांत शेक देतात तिथेच तो हवा, आणि वर्षानुवर्षं तो तिथे पोचणार नाही, कारण तो एकाच कंपनीच्या कुंपणात राहील. बाहेरच्यांसाठी जुनी पट्टी आहे, मुंगीएवढ्या इंग्रजी कागदासकट. ते कुंपण घालायला मीच हात लावला. घरून काहीतरी घेऊन जाऊन.

सुनावणीनंतरच्या रविवारी सकाळी मी सौंसरला गेले. पुरावा आणायला गेले असं मॅडमना वाटत होतं. मी गेले होते ते माझी समजूत खोटी आहे, असं ऐकायला. बाबा कूलरसमोर बसून कांदे निवडत होते. गेल्या वर्षीचं कॅलेंडर नव्या कॅलेंडरच्या मागे तसंच टांगलेलं होतं. मी ते काढून पाहिलं नाही. सरळ विचारलं.

"बाबा, तुम्ही आईले शेक देत होते का? पट्टी होती तेव्हा?"

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्यांना आईबद्दल काही विचारत होतं. "देत होतो ना! थंडी पडली तवापासून. तिनंच म्हणलं होतं, पान बांधून द्या म्हणून. दोन टाइम. सकाळी नऊले आन् दुपारी चारले. अर्धा-अर्धा घंटा. पान थंडं नाही होऊ देल्लं कधी."

"कुठी बांधत होते?"

"जिथी पट्टी, तिथीच. दुखत तं तिथीच होतं ना. मंग वाटलं, औषध बी चांगलं उतरन." ते थांबले. "कावून? ऑफिसात पाह्यजे का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? लोक पट्टीवर शेक देतात का, हे ऑफिसला लिहून हवं आहे, असं काहीतरी पुटपुटले.

"मंग माझंच लिव ना!" ते कांद्याची साल झटकून उठले, हात धुतले, चष्मा लावला. आयुष्यभर साहेबांना अर्ज लिहिलेले बाबा मला मजकूर सांगायला बसले. मी वहीच्या कागदावर लिहीत गेले. मी, अमुक, वय इतकं, राहणार सौंसर, सेवानिवृत्त, लिहून देतो की माझ्या पत्नीस कमरेचे दुखणे असताना मी स्वतः पट्टीवर एरंडीच्या गरम पानाचा शेक रोज दोन वेळा दिला. "लिव," ते म्हणाले, "शेकानं तिला आराम पडला. झोप लागत होती. शेवटपर्यंत त्रास झाला नाही." माझा हात थांबला तर म्हणाले, "लिव ना बाई, खरं हाये थे." मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर वेगळं काढून, आणि कागद लांब धरून पुन्हा वाचला. मी त्यांना काही सांगणार नव्हते. बसमध्येच ठरवलं होतं. त्यांच्याजवळ उरलेली ती एकच गोष्ट होती, ती मी कशाला काढून घेऊ? जे खरं की खोटं कोणालाच कधी कळणार नाही, ते एकटीनं बाळगायला मी तयार होते.

"बरं आठवलं," बाबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "मागच्या गल्लीतले मास्तर हाये ना, त्याइच्या बायकोले बी तीच पट्टी देल्ली नागपूरवाल्याइनं. परवा विचारून राहिले होते बिचारे, तिले काही करता येते का म्हणून. म्हणलं मी दाखवून देतो पान कसं बांधाचं. सकाळीच तोडून आणले हाये." मोरीजवळ खरंच पानं होती, देठ एकसारखे कापलेले.

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, नका सांगू."

"कावून?"

"पट्टीवर गरम काहीच लावायचं नसते. पान बी नाही."

बाकीचं बोलायची गरज पडली नाही. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"गरम लागलं का जास्त सुटते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती?"

तक्ता मला पाठ होता. मी खोटं बोलू शकले असते, थोडंसंच म्हणू शकले असते. पण पाणी आणि दाब यांच्याबद्दल माझ्या बापानं कधी अंदाजानं बोललेलं मला आठवत नाही. मी आकडा सांगितला. मग घाईघाईनं बरंच बोलले. डॉक्टर काय म्हणाले होते, यकृत, आज ना उद्या होणारच होतं, चूक माझी, मला माहीत होतं, मी फोन केला नाही, तुमची काही चूक नाही बाबा. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. मी रडत होते. ते नव्हते रडत. माझ्या डोक्यावर त्यांनी एकदा हात ठेवला, मग चपला घातल्या आणि रिकाम्या हातानं मागच्या गल्लीत गेले.

अर्ध्या तासानं परत आले. मी पाणी दिलं. अर्धा ग्लास पिऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"सांगतलं मास्तरले," ते म्हणाले. "पान नाही बांधाचं, गरम काहीच नाही लावाचं. थे म्हणाले, तुम्ही तं बांधत होते ना. म्हणलं, हो. म्हणूनच सांगून राहिलो."